डंकी बंद ठेवली तो शनिवार

पवित्रानं पदर ओढला. एवढंच झालं. कागलहून मिरच्या कांडायला आलेली एक बाई पाटी उतरवता उतरवता सहज माजघराकडं वळली, आणि उंबऱ्यावर बसलेल्या पवित्राचा हात, कुणी न सांगता, पापणी मिटावी तसा हलला. पदर मांडीवरच्या पोरीच्या नाकातोंडावरनं खाली आला. डंकी चालूच होती. तीन लोखंडी मुसळं आळीपाळीनं उखळात पडत होती आणि तो दणका जमिनीतनं पवित्राच्या सासूच्या, हिराबाईच्या मांडीत रोजच्यासारखा चढत होता. पण तिच्या हातातली चाळण थांबली. "मिरचीचा खाट लागंल म्हणून झाकलं," पवित्रा पुटपुटली, कुणी विचारलेलं नसताना. वारा तर आतनं रस्त्याकडं चालला होता. उभा जन्म मिरचीत गेलेल्या बाईला वारा कुठं चाललाय ते सांगावं लागत नाही. "झोपलंय व्हय लेकरू?" कागलकरणीनं विचारलं. "व्हय," म्हणाली पवित्रा, आणि पदराखाली पोरीचे पाय सायकल मारल्यागत चाललेले. त्या बाईनं काय बघायचं ते बघितलंच होतं. सुस्कारा टाकून ती म्हणाली, "असूं दे बाई. देवाची करणी. त्यानं दिलंय तसं घ्यावं, आपण हात घालू न्हाई." तेव्हा हिराबाई उठली, तिनं बटण दाबलं, मुसळं जिथल्या तिथं लटकली, आणि एकाएकी पडलेल्या शांततेत तिचा आवाज शुक्रवार पेठेच्या त्या बोळात पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत गेला. "पाव्हणं, ही पाटी उचला. देवानं मिरची दिलीया तशी न्या घरला आणि तशीच खावा. माझ्या डंकीवर हात घालायला कशाला आणलीसा?"

बाई गेली. पाटी घेऊन, काहीबाही बोलत गेली. ऐन हंगामात गिऱ्हाईक परत लावायची वेळ हिराबाईवर आजवर आली नव्हती, पण त्याचं दुःख तिला नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढनं तो पदर जात नव्हता. पदराच्या आत पोरीला काय दिसत असेल? लाल अंधार. आईच्या अंगाचा वास असलेला, मऊ, लाल अंधार. असा अंधार रोज थोडा थोडा पाजला तर पोर मोठेपणी आपणहून तोंडावर हात धरून बोलायला शिकते. हिराबाईनं तशी एक बाई बघितली होती, हुपरीला, माहेरच्या आळीत. चिमणाबाई. चांदीच्या पैंजणाला घुंगरू डाखून जोडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण हसली की पालथी मूठ ओठावर जायची. फाटका ओठ तिनं मरेपर्यंत मुठीखाली ठेवला. मेल्यावर आंघोळ घालताना बायकांनी मूठ खाली घेतली तेव्हा लहानगी हिरा दाराआडनं बघत होती आणि तिला वाटलं होतं, ही हसतेय. आता हसतेय. ते हसू इतकी वर्षं कुठं गेलं होतं कुणास ठाऊक. पवित्राचा पदर हलला आणि ते हसू डंकीच्या खोलीत येऊन उभं राहिलं.

पोरीचं नाव शांभवी. नवं हजार साल लागलं त्या थंडीत ती झाली. वरचा ओठ नाकपुडीपर्यंत उघडा, एका अंगाला. सुईणपणाची हौस असलेली शेजारची धोंडुबाई दवाखान्यात आधी पोचली होती, तिनं बाहेर येऊन कुणाला काही सांगायच्या आत हिराबाईच्या तोंडाकडं बघितलं आणि बोळात येईपर्यंत सगळा निकाल लावून टाकला. गेल्या आषाढातल्या अवसेला सूर्याला गिऱ्हाण लागलं होतं. पवित्राला तेव्हा चौथा. पोटुश्या बाईनं गिऱ्हाणात चिरू नये, कापू नये, सुईदोरा धरू नये, आडवं पडून राहावं. आणि हिराबाईच्या घरात डंकी चालू, सून विळीवर बसलेली, चटणीचं खोबरं चिरत. धोंडुबाईनं तिच्या दारातनं ओरडूनसुद्धा सांगितलं होतं, "हिराक्का, पोरीला उठीव की गं! गिऱ्हाण लागलंय!" आणि हिराबाईनं ढगांकडं बोट दाखवून म्हटलं होतं, "सूर्याचा पत्त्या न्हाय सकाळधरनं, गिऱ्हाण लागलंय का हगवण लागलीया कुणी बघितलं?" सगळे हसले होते. आता तोच विनोद बोळात दारोदार फिरत होता, पण कुणी हसत नव्हतं. हिराबाईपुढं बोलायची कुणाची छाती नव्हती. पण ती दळण आणायला गेली की गिरणीतल्या बायका एकदम मिठाच्या भावाबद्दल बोलायला लागायच्या. मिठाच्या भावाचं कुणी बोलत बसतं होय?

तिला राग आला की ती काम करते. त्या दिवशीही, कागलकरीण गेल्यावर, तिनं बटण दाबलं आणि मुसळं पुन्हा सुरू केली. पण दणक्यातनं दुसराच एक आवाज यायला लागला. मिल्काबाई. डंकीच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहणारी मिल्काबाई थळकर. सरकारी दवाखान्यातनं निवृत्त झालेली नर्स, जातीनं इस्राईल, म्हणजे यहुदी. कोकणातल्या तिच्या गावात त्यांना शनवारतेली म्हणत, कारण तेलाचे घाणे चालवणारे ते लोक शनिवारी घाण्याला बैल जुंपत नसत. किल्लारीचा भूकंप झाला त्या सालात ती लेकाकडं दूर परदेशी, त्यांच्या मुलखात निघून गेली. तोवर दोघी भिंतीला भिंत लावून राहिल्या आणि रोज भांडल्या. मिल्काबाई भाकरीचा तुकडा मोडायच्या आधी डोळे मिटून काहीतरी पुटपुटायची. हिराबाईनं एकदा विचारलं, काय म्हणतीस? ती म्हणाली, "भूमीतून भाकर काढणाऱ्या देवाचे उपकार मानते." हिराबाई पोट धरून हसली. "भूमीतनं भाकर निघती? आयला! मग मी चूल कशाला पेटवती गं? जाते की रानात, उपटून आणते चार." मिल्काबाई रागावली नाही. दवाखान्यात शिव्या खाऊन खाऊन तिचा राग बोथट झाला होता. "तेच तर," ती म्हणाली. "जोंधळा त्याचा. भाजणं तुझं. तरी भाकर दोघांची म्हणायची, आणि आधी नाव त्याचं घ्यायचं, कारण तो मोठा भागीदार." भागीदार हा शब्द हिराबाईच्या कानात बसला. देवाला तिनं मालक म्हटलेलं ऐकलं होतं, बाप ऐकलं होतं, तिचा सासरा तर गुरुवारच्या पोथीत त्याला नवरासुद्धा म्हणायचा. भागीदार नव्हतं ऐकलं. भागीदाराशी भांडता येतं.

आणि ती भांडलीही होती. आज आठवलं आणि चाळणीवरचा हात जड झाला. मिल्काबाईनं सांगितलं होतं की त्यांच्यात मुलगा झाला की आठव्या दिवशी सुंता करतात. तेव्हा ह्याच तोंडानं हिराबाई म्हणाली होती, "देवानं घडवलेल्यात खोट काढतासा व्हय गं? त्यानं दिलंय तसं घ्यावं." शब्दाला शब्द, कागलकरणीचे. मिल्काबाई म्हणाली होती, "खोट नाही काढत, हिरा. शेवटचा हात फिरवतो. त्याला काय सगळं पुरं करून देता आलं नसतं? पण पुरं करून दिलं असतं तर आपण काय केलं असतं, नुसतं बसून खाल्लं असतं? त्यानं जग थोडं थोडं अर्धं ठेवलंय. मुद्दाम. आपल्यासाठी." आणि मग स्वतःच्या नाकाखालच्या पन्हळीवर बोट ठेवून तिनं एक गोष्ट सांगितली होती. पोटात असताना लेकराला सगळं ठाऊक असतं, आभाळातलं, पाताळातलं. बाहेर यायच्या वेळी देवदूत येतो आणि ओठावर बोट ठेवून म्हणतो, गप. त्या बोटाचा वळ म्हणजे ही पन्हळ. आता हिराबाईनं आपल्या नाकाखाली बोट नेलं. तिखटाचं बोट होतं, ओठ चरचरला. तिच्या मनात आलं, माझ्या नातीच्या ओठावर कुणी बोट ठेवलं नाही. हिला कुणी गप म्हटलं नाही. बरं झालं. आता ह्या घरात तिला गप म्हणणारा कोण निघतो तेच बघते.

निघणारे घरातच होते. राजारामपुरीतल्या डॉक्टरणीकडं हिराबाई स्वतः पोरीला घेऊन गेली होती. तरणी पोर, केस कापलेली, पण बोटं हुपरीच्या कारागिरासारखी. तिनं कागदावर पेनानं ओठ काढला, त्यावर ठिपके दिले, शिंपी कापडावर खडूच्या खुणा करतो तसे. "आजी, ओठ सगळ्यांचाच असा तयार होतो," ती म्हणाली. "दुसऱ्या महिन्यात. दोन्ही बाजूंनी मांस येतं आणि मध्ये जुळतं. हिचं जुळायचं राहिलं." हिराबाईनं विचारलं, "म्हंजे कमी काय न्हाय?" डॉक्टरीण म्हणाली, "काहीच कमी नाही. सगळं दिलेलं आहे. जुळवायचं तेवढं राहिलंय." तेवढं! पण तेवढ्यासाठी आईबापाची संमती लागत होती, आणि बाप, म्हणजे हिराबाईचा एकुलता एक श्रीशैल, मान खाली घालून म्हणत होता, "अव्वा, अंगावर शस्त्र चालवायचं, एवढ्याशा जिवाला भूल द्यायची, उठलीच न्हाय तर? मठातलं स्वामी म्हणालेत, शस्त्र नगं, सोमवारचा उपास धरा. उगाच देवाच्या वाटेत आडवं यायचं न्हाय." आणि मग, डोळे वर न करता, त्यानं ते वाक्य टाकलं होतं. "तुझा जल्म कांडण्यात गेला. तुला दिसंल ते कांडावंच वाटतंय." नवरा गेल्यावर हातात मुसळ धरून ज्याला वाढवला तो हा. तिला थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही. कारण त्याच्या बोलण्यात एक काटा होता आणि तो तिच्या आत कुठंतरी आधीच रुतलेला होता. भूल दिलेलं पोर उठलंच नाही तर, बोळ म्हणेल, गिऱ्हाणात म्हातारीनं चिरायला लावलं, आता मारलं. बोळाचं जाऊ द्या. ती स्वतः काय म्हणेल?

सोमवारी स्वामी पाद्यपूजेला आले. मठातले थोर, वयस्कर, तोंडातनं कधी वाकडा शब्द न जाणारे. हिराबाईनं त्यांचे पाय धुतले, पुसले, विभूती लावली, कशात कसूर केली नाही. मग ती उठली आणि पदर खोचून समोर उभी राहिली. "स्वामी, पोरीला शस्त्र लावायचं न्हाय म्हणालासा?" ते म्हणाले, "आक्का, ईश्वराची निर्मिती आहे. तीत खोट काढणं म्हणजे त्याला नावं ठेवणं." हिराबाई म्हणाली, "मग चष्मा काढून ठेवा की." श्रीशैलनं कपाळाला हात लावला. "अव्वा!" "तू गप रे. डोळं त्यानंच दिल्यात न्हवं? आणि काचा कुणी दिल्या? मिरजेच्या दुकानदारानं." तिनं गळ्यातली चांदीची डबी बाहेर काढली, उघडली, आतलं काळंभोर इष्टलिंग तळहातावर घेतलं. "हे जन्मल्यावर माझ्या गळ्यात बांधलं. हे आभाळातनं पडलं न्हाय. कुणीतरी दगड घासला, कुणीतरी वरनं काळं कवच चढवलं, डबी माझ्या बापानं हुपरीत बसून ठोकली. माणसानं घडवल्याबिगार देव तळहातात आला न्हाय, स्वामी. आणि तुम्ही म्हणतासा, देवाच्या कामाला माणसानं हात लावायचा न्हाय?" स्वामींनी चष्मा काढला. उपरण्यानं पुसला. ते ओरडले असते तर हिराबाईला सोपं गेलं असतं. "मला ठाऊक नाही, आक्का," ते शेवटी म्हणाले. "मी पोरीच्या जिवासाठी भ्यालो, आणि भीतीला देवाचं नाव दिलं असेल." आणि पुन्हा चष्मा लावून त्यांनी प्रसादाची वाटी पुढं ओढली. श्रीशैलचा आधारच गेला. रिकाम्या पाटीसारखा तो दाराशी टेकून बसला आणि म्हणाला, "पवित्रा म्हणंल तसं."

हिराबाईला वाटलं होतं, जिंकले. पण पवित्रा नाही म्हणाली. परड्यात दोरीवर दुपटी वाळत घालत होती, पाठ फिरवूनच म्हणाली, "नगं, अत्ती." हिराबाई थक्क झाली. ही निपाणीकडची पोर लग्न होऊन आल्यापासनं सासूपुढं नाही म्हणाली नव्हती. "मी चिरलं," पवित्रा म्हणाली. "डाक्टरीण म्हणती दुसऱ्या म्हैन्यात हुतंय. तिला गिऱ्हाण काय ठावं? मला ठावं हाय. विळीवर खोबरं चिरताना माझा हात असा गेला, आणि पोटात तिनं पाय मारला. पहिल्यांदा. मी हसले. मी हसले, अत्ती." दुपट्याचं पाणी तिच्या कोपरावरनं ओघळत होतं. "माझ्या हातानं तिचा ओठ चिरला. आता आणि कुणाच्या हातात द्यायची न्हाय मी तिला." म्हणजे पदर खाटासाठी नव्हता, आणि लोकांसाठीही नव्हता. पवित्रा आपलंच केलेलं झाकत होती. हिराबाईच्या तोंडावर नेहमीचं उत्तर आलं, गिऱ्हाण-बिऱ्हाण सगळं झूट हाय. पण ते बाहेर पडेना. कारण मध्यरानात एकटी गाठावी तशी एक शंका तिलाही रोज गाठत होती. विळी तिनंच पुढं सारली होती. हसणारी तीच होती. झूट आहे असं ती जगाला दरडावून सांगायची, आणि डंकी बंद झाली की आतल्या शांततेत झूटचा आवाज फार बारीक व्हायचा. मग त्या शंकेपुढं पळायच्या ऐवजी तिनं शंकेचंच मनगट धरलं. "बरं," ती म्हणाली. "खरं धरू. तू चिरलंस, मी चिरायला लावलं, आणि पोटातला ओठ फाटला. खरं. म्हंजे मग माणसाच्या हाताला एवढी ताकद हाय? कोल्हापुरात खोबऱ्यावर विळी फिरली आणि देवाचं काम फाटलं? एवढी?" पवित्रा वळली. "चिरणाऱ्या हाताला ताकद हाय, आणि शिवणाऱ्या हाताला न्हाय? बिघडवायला माणूस चालतो आणि जुळवायला चालत न्हाय? हा कुठला कायदा गं? एक हात मानायचा आणि दुसरा मानायचा न्हाय? मी दोन्ही मानते. न्हाईतर एकबी मानत न्हाय. तू सांग." पवित्रा ओल्या हातानं डोळे पुसत म्हणाली, "भूल देताना मी आत थांबणार." "थांब की! मी दारात बसते. कोण तुला बाहेर काढतंय बघूया."

गुरुवारी सकाळी दवाखान्यात पोरीला आत नेलं. पोरीला झोप लागेपर्यंत पवित्राला थांबू दिलं, मग बाहेर पाठवलं. ती श्रीशैलच्या शेजारी बसली आणि दोघं भिंतीवरच्या एकाच खिळ्याकडं बघत राहिली. हिराबाईला बसता येईना. हात कुठं ठेवायचे तेच तिला कळेना. कामाशिवायचे हात तिनं कधी बघितलेच नव्हते. मांडीवर पडलेले ते दोन लाल, भेगाळलेले, तिखटानं कायमचे रंगलेले पंजे तिला दुसऱ्याच कुणाचे वाटले. तिथं फरशीखालनं दणका येत नव्हता. दणक्याशिवाय विचार कसा करायचा हेच तिला ठाऊक नव्हतं. चिमणाबाईची मूठ आली. विळीवरचं पांढरं खोबरं आलं. मिल्काबाई आली, शुक्रवारी दिवेलागणीला काचेच्या पेल्यात तेलवात लावून डोळ्यांवर हात धरलेली, आणि दुसऱ्या दिवशी चूल न पेटवता गार भात खाणारी. डंकीचा दणका भिंतीपलीकडं चालू असताना हिराबाई तिला ओरडून विचारायची, "आळशी तू का तुझा देव गं?" मिल्काबाई तिकडनं म्हणायची, "सहा दिवस त्याच्याबरोबर काम करायचं, हिरा. सातव्या दिवशी त्याच्याबरोबर बसायचं. आपण भागीदार आहोत, गडी नव्हे. गड्याला बसता येत नाही." त्या वेळी ते तिला श्रीमंती नखरा वाटायचं. दार उघडलं. डॉक्टरणीनं तोंडावरची पट्टी खाली घेतली. "उठली," ती म्हणाली. "रडतेय. ऐका." आतनं आवाज येत होता. पोर ठणाणा करत होती, शिवलेल्या तोंडानं, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं. गप नव्हतीच ती. श्रीशैल लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला, आणि हिराबाईनं त्याच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला. तीच तिची माया.

शनिवारी घरी आणलं. दोन्ही हातांना पुठ्ठ्याच्या नळ्या बांधलेल्या, कोपर वाकून बोटं टाक्यांवर जाऊ नयेत म्हणून. ओठ सुजलेला, त्यावर काळ्या दोऱ्याचे बारीक टाके, मुंग्यांची रांग चालल्यासारखे. हिराबाईनं निघताना विचारलं होतं, "आता काय करायचं? काय लावू? काय पाजू?" डॉक्टरीण म्हणाली होती, "वाटीचमच्यानं दूध, आणि पुसून स्वच्छ ठेवायचं. बाकी काही नाही, आजी. टाके मी घातले. मांस धरणं माझ्या हातात नाही. ते आपलं आपण धरतं." आपलं आपण! हिराबाई सगळ्या वाटेनं रिक्षात तोच शब्द चावत आली. बोळात पाट्यांची रांग लागलेली, हंगाम शिगेला. तिनं कुलूप काढलं, डंकीच्या खोलीत गेली, बटणावर बोट ठेवलं. आणि ठेवलंच. दणका जमिनीतनं जातो, भिंतीतनं जातो, पाळण्यात जातो. तिकडं मांस दोन्ही बाजूंनी एकमेकाला चाचपत असेल. तिनं बोट काढलं. बाहेर येऊन पायरीवर बसली, हात मांडीवर टाकून.

"हिराक्का, डंकी बंद?" धोंडुबाई आपल्या दारातनं ओरडली. "बिघडली का काय?" "न्हाय बिघडली." "मग आज काय हाय? अवस न्हाय, सण न्हाय." "आज माझी पाळी न्हाय," हिराबाई म्हणाली. "भागीदाराची हाय." "कुठला गं भागीदार? तुला कधी कुणी भागीदार चाललाय?" धोंडुबाई हसली, रांगेतल्या बायका हसल्या, आणि हसता हसता सगळ्यांच्या माना एकदम दाराकडं वळल्या. पवित्रा पोरीला खांद्यावर घेऊन उंबऱ्यावर आली होती. हिराबाईनं वळून बघितलं नाही. तिचे कान मात्र पाठीला आले. पदराची सळसळ ऐकू येते का म्हणून ती श्वास धरून बसली. ओल्या मिरचीवर माशी बसल्याचासुद्धा आवाज यावा असा तो क्षण होता. "अगं बया," धोंडुबाई पुढं होऊन म्हणाली, "काय हे ओठाला?" "टाकं हैत, मावशी," पवित्राचा आवाज आला. बारीक, पण सरळ. "आम्ही घातल्यात." आणि मग, थोडं थांबून, "उजेडात या की. हितनं नीट दिसत न्हाय." बायका उठून पायरीकडं आल्या. हिराबाई हलली नाही. उन्हानं पांढरं पडलेलं आभाळ बोळावर टांगलेलं होतं, ती त्याच्याकडं बघत होती, रोखून, व्यवहारातल्या माणसाकडं बघावं तसं. हात तिनं जोडले नाहीत. आपला वाटा पुरा करून आलेले ते लाल पंजे मांडीवर उघडे ठेवून ती मनात म्हणाली, माझं झालंय. आता तू कर, आणि नीट कर. मी हितंच बसलीया.